खार वेगळा, तेल वेगळं: कानबाईआधीच्या घरसफाईसाठी

नमस्कार ताई-दादा,

श्रावण लागला की आपल्या खानदेशात घरं उलटीपालटी होतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसणार, म्हणून माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींना रंग लागतो, गोधड्या धुवायला निघतात. याच दिवसांत आमच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं: "भाऊ, बोअरनं पानी शे, साबनले फेसच येत नही. काही जालीम द्या."

जालीम आम्ही ठेवत नाही. लिंबूसत्व, धुण्याचा सोडा, रिठा आणि सुटं व्हिनेगर, एवढ्यावर आमचा धंदा आहे. कशाला काय लावायचं हे ठाऊक असलं तर या चारांतल्याही दोनच वस्तूंत बहुतेक घरं निघतात. न निघणाऱ्या गोष्टीही खाली लिहिल्या आहेत.

धूळ सोडली तर आपल्या घरात हटत नाही ती घाण दोन जातींची: खार आणि तेल. डागावरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर खार, चिकट लागलं तर तेल. खाराला आंबट लागतं, तेलाला सोडा. उलट केलंत तर दिवसभर घासत बसाल.

खार

बोअरचं पाणी खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. साबण आधी त्यांनाच जाऊन मिळतो. त्याचा राखाडी साका बादलीच्या कडेला बसतो आणि फेसाला काही उरत नाही. तेच पाणी तापवलं की क्षार दगडासारखा घट्ट होतो. पाणी तापवायच्या रॉडवर आणि चहाच्या किटलीत दिसतो तो हाच.

1 लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे लिंबूसत्व (म्हणजे सायट्रिक ॲसिड) विरघळवा. नळावर, स्टीलच्या सिंकवर, बाथरूमच्या चिनीमातीच्या टाइल्सवर फडक्याने लावा, 15 मिनिटं थांबा, गिलक्याच्या जाळीने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. वेलावर वाळलेलं गिलकं फेकू नका, त्याच्यासारखी घासणी बाजारात मिळत नाही. किटलीत हेच पाणी अर्धा तास ठेवलं तर बुडबुडे येऊन थर सुटतो.

कूलरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आता तो गच्चीवर किंवा माळ्यावर जायची वेळ झाली. उन्हाळाभर पाणी उडून जातं आणि खार मागे जाळीवर राहतो. वाळ्याची किंवा लाकडी भुशाची जाळी असेल तर ती बदला, धुण्यात अर्थ नाही. पुठ्ठ्यासारखी मधमाश्यांच्या पोळ्याची जाळी असेल तर बाहेर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, मग हलक्या हाताने धुवा. पत्र्याच्या टाकीत मात्र आंबट पाणी भरून ठेवू नका. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा ते खाऊन टाकतं आणि पुढच्या वर्षी टाकी गळते. टाकी ब्रशने घासायची, पुसायची, कडक वाळवायची.

आता आमची स्वतःची चूक. नवीन ओट्याच्या शहाबादीवर पाण्याचे डाग दिसले म्हणून आम्हीच उत्साहाने लिंबूसत्व ओतलं. डाग गेले, सोबत फरशीची चमकही गेली. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे मुळात चुन्याचे दगड, आणि आंबट चुना खातं. म्हणून आधी कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तिथे आंबट काही वापरायचं नाही. अशा फरशीला रिठ्याचं पाणी आणि पोतेरं पुरे.

तेल

शेवभाजीची तर्री कितीही गोड लागली तरी तिच्या फोडणीची वाफ एक्झॉस्ट फॅनवर आणि शेगडीमागच्या टाइल्सवर जाऊन बसते. 1 लिटर गरम पाण्यात 1 मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका, फडकं भिजवून 10 मिनिटं चिकटवून ठेवा, मग पुसा. हातमोजे घाला, सोडा हाताचंही तेल काढतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला हा सोडा लावू नका, काळं पडेल.

भरिताच्या पार्टीनंतर पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) राख उरते, ती चाळून ठेवा. राखेत पोटॅशचा क्षार असतो आणि तेलकट भांड्यावर तो सोड्यासारखंच काम करतो. फुकट आहे, आमचा तोटा झाला तरी सांगतो.

पितळेची समई, कानबाईचा तांब्याचा कलश यांना चिंच आणि मीठ. यात आमच्या आजीच्या पुढे आम्ही काही शोधलेलं नाही. घासल्यावर लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर हिरवट डाग येतात.

रिठा

रिठ्याचा फेस साबणाचा नसतो, त्यामुळे जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. 8-10 रिठ्यांच्या बिया काढून साली रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळून गाळा. रेशमी लुगडं, लोकरी शाल, रोजची फरशी यांना चांगलं. पांढऱ्या कपड्यांना नको, पिवळसर झाक येते. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं. दोन दिवसांत संपवा, आंबतं. उरलेलं परसातल्या झाडांना घाला. सोड्याचं पाणी झाडांना घालू नका.

काही खुलासे

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फसफसतं ते मोबाईलवर छान दिसतं. पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. आमच्या धुण्याच्या सोड्याचंही तेच, तो आणि आंबट वेगवेगळं वापरा.

ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही ॲसिड, मग ते टॉयलेट क्लीनर असो की आमचं लिंबूसत्व, कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

घरात जुलाब-उलट्यांचा पेशंट असेल तर संडास आणि मोरीसाठी ब्लीचच वापरा. व्हिनेगर त्या कामाचं नाही.

नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण ड्रम भरून ठेवतो. डेंग्यूच्या डासाची अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. अंड्याचा डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून कडा खराट्याने घासायच्या. याला काहीच विकत घ्यावं लागत नाही.

केळीच्या चिकाचा डाग आमच्या कुठल्याच वस्तूने निघत नाही. रावेर-यावलकडच्या ग्राहकांनी बागेतले कपडे वेगळे ठेवावेत, एवढंच सांगू शकतो.

व्हिनेगरसाठी रिकामी बाटली धुऊन, वाळवून आणा. लिंबूसत्व हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळी हवेत त्याचा गोळा होतो. आणि फरशी कोणती हे कळत नसेल तर बांधकामातला उरलेला तुकडा घेऊन या, काउंटरवरच थेंब टाकून पाहू.