विवाहसंयोजक

विवाहसंयोजक : विवाहसोहळ्याची आखणी, पुरवठादारांशी बोलणी आणि प्रत्यक्ष दिवसाची देखरेख मोबदला घेऊन करणारी व्यक्ती किंवा संस्था. बोलण्यात ‘वेडिंग प्लॅनर’, क्वचित नुसते ‘इव्हेंटवाले’ असेही म्हणतात. मध्यस्थ किंवा वधूवर सूचक मंडळ यांचे काम लग्न ठरले की संपते. संयोजकाचे तेथून सुरू होते.

उगम : या व्यवसायाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांबरोबर मोठ्या शहरांत आलेला पाश्चात्त्य प्रकार होय. दुसरे मत त्याचे मूळ मंगल कार्यालयात शोधते. वाड्याच्या चौकातली आणि दारच्या मांडवातली लग्ने कार्यालयात जाऊ लागली ती पुण्यामुंबईकडे बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पुढे कार्यालयांनी ‘कॉन्ट्रॅक्ट’ घेण्यास सुरुवात केली. आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनापासून वधूच्या पाठवणीपर्यंत गुरुजी, पूजासाहित्य, सनई-चौघडा, नाश्ता आणि पंगती हे सारे एका रकमेत ठरू लागले. नाव आणि थाट बाहेरून आला असला, तरी एकाच माणसाच्या हाती सगळे कार्य सोपविण्याची सवय येथलीच दिसते. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्याआधीचा दुवा म्हणजे ‘याद्या’. बैठकीत सुपारी फुटल्यावर दोन्हीकडची वडील मंडळी कागदाला हळदकुंकू लावून कोणी काय करायचे ते लिहून काढत : मांडव कोणाचा, जेवण कोणाचे, बस्ता कोणी बांधायचा, मानपान किती. दोन्ही बाजूंच्या सह्या होत आणि एकेक प्रत दोन्ही घरी राही. आजच्या संयोजकाच्या करारातील कलमे पुष्कळदा याच क्रमाने येतात. फरक एवढाच, की यादीतली कामे भावकी आणि बलुतेदार यांच्यात वाटलेली असत आणि त्यांची परतफेड दुसऱ्याच्या लग्नात राबून किंवा बलुत्याच्या धान्याने होई. संयोजकाच्या कामाची परतफेड यजमानाला रोख पैशांनी करावी लागते.

मुहूर्त आणि वेळापत्रक : मराठी हिंदू विवाहात संयोजकाचे खरे कौशल्य सजावटीपेक्षा घड्याळात आहे. ‘लग्न’ हा मुळात ज्योतिषातला शब्द. पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी म्हणजे लग्न. पुढे तो त्या वेळेला, मग विधीला आणि शेवटी विवाहसंबंधालाच लागला. एक राशी उगवण्यास सरासरी दोन तास लागतात. तिचा नवमांश, म्हणजे नववा भाग, जेमतेम तेरा मिनिटांचा, आणि पत्रिकेवर छापलेला मिनिटाचा आकडा बहुधा त्यातून येतो. पूर्वी वेळ घटिकापात्राने मोजत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी घंगाळातील पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. दिवसरात्रीच्या अशा ६० घटिका.

लग्नराशी स्थळानुसार बदलते, हे यजमानांच्या सहसा ध्यानात नसते. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे, तर नागपूरची सुमारे १४ मिनिटे मागे. म्हणजे नागपुरात तीच राशी मुंबईच्या साधारण २५ मिनिटे आधी उगवते. मुंबईसाठी काढलेला मुहूर्त नागपूरच्या कार्यालयात जसाच्या तसा वापरला, तर नवमांश केव्हाच उलटलेला असतो. परदेशातील मराठी लग्नांत हाच हिशेब त्या गावच्या अक्षांश-रेखांशांवरून नव्याने करावा लागतो.

वेळापत्रक मुहूर्तापासून उलटे लिहितात. मुहूर्त १२ वाजून २३ मिनिटांचा असेल, तर १२.०० ला अक्षता वाटायला घ्यायच्या, १२.०६ ला मामाने वधूला गौरीहरापासून उठवायचे, १२.१२ ला अंतरपाट धरायचा. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एक कडवे सावकाश म्हटले की मिनिटभर जाते. आत्याने रचलेले एक आणि मामींनी रचलेली दोन आयत्या वेळी पुढे आली, की हिशेब कोलमडतो. अशा वेळी बोहल्याच्या कडेला उभा असलेला संयोजक मोबाइलवरचे घड्याळ गुरुजींपुढे धरतो. गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू करतात आणि वाजंत्रीवाले वाद्ये सावरतात. छायाचित्रकाराच्या हट्टापायी मुहूर्त टळणे मात्र आता इतके सर्रास झाले आहे, की पुष्कळ ठिकाणी छापलेली वेळ निमंत्रितांपुरतीच उरली आहे.

चातुर्मासात मुहूर्त नसतात अशी समजूत असली, तरी काही पंचांगे आपत्कालीन मुहूर्त देतात. तरीही तुळशीच्या लग्नापर्यंत संयोजकाला कामाविना मोकळे दिवस सापडतात.

कायदा : हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा लागतो, त्यांत सप्तपदी असल्यास सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. आवश्यक विधी झाले नसतील, तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. त्यामुळे स्वागतसमारंभाला उशीर होतो म्हणून सप्तपदी गाळणे संयोजकाच्या अखत्यारीत येत नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ खाली बालविवाह पार पाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाणते संयोजक इसारा घेण्यापूर्वी वयाचे दाखले पाहतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. करोनाकाळात, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरकण्याचा आदेश होता. मोडल्यास दंड ५०,००० रुपये.

गोवा : गोव्यातील ख्रिस्ती लग्नात संयोजनाचा काही भाग फार पूर्वीपासून ‘एमसी’कडे (मास्टर ऑफ सेरेमनीज, म्हणजे समारंभाचा सूत्रसंचालक) आहे. आदल्या दिवशीचा ‘रोस’, म्हणजे वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा विधी, घरचीच माणसे करतात. चर्चनंतरच्या मेजवानीत मात्र केक कापणे, टोस्ट, पहिला नाच यांचा क्रम एमसी ध्वनिवर्धकावरून चालवितो. बाहेरगावची माणसे समुद्रकिनारी लग्न करण्यासाठी गोव्यात येऊ लागल्यावर या एमसींपैकी काहीजण पूर्णवेळ संयोजक झाले.