लाइव्ह कोडिंगची खेळकर साधनं

लाइव्ह कोडिंग म्हणजे लोकांसमोर बसून प्रोग्राम लिहायचा, तो चालू असतानाच बदलत राहायचा आणि त्यातून म्युझिक किंवा चित्रं काढायची, कोड मागच्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये टॉपलॅप नावाचा गट सुरू झाला, त्यांचा आग्रहच होता की स्क्रीन लपवू नका, दाखवा. गोव्यात हे कुणाला सांगायला गेलं की गाडी लगेच हणजूणच्या पार्ट्या आणि ट्रान्स म्युझिकवर जाते, पण डीजेचे हात नेमकं काय करतायत ते लांबून कळत नाही, इथे सगळं उघड्यावर असतं.

नवशिक्यांसाठी यात खूप काम झालंय. सॅम अ‍ॅरनचं सॉनिक पाय हे कोडमधून म्युझिक काढायचं साधन २०१२ मध्ये केंब्रिजला शाळकरी मुलांसाठी, रास्पबेरी पाय या स्वस्तातल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालावं म्हणून बनलं. अ‍ॅलेक्स मॅक्लीनचं टायडल हे ठेके लिहायचं साधन जबरदस्त आहे पण इन्स्टॉल करतानाच निम्मे लोक कंटाळतात, म्हणून त्याचा ब्राउझरमध्ये चालणारा अवतार स्ट्रुडल जास्त कामाचा, लिंक उघडली की झालं. चित्रांसाठी ओलिव्हिया जॅकचं हायड्रा, तेही ब्राउझरमध्येच.

आता खेळकर म्हणजे रंगीत बटणं आणि कार्टून नव्हे. खरी गोष्ट एरर आल्यावर काय होतं ही आहे. कंस राहिला, स्पेलिंग चुकलं, तरी आधीचा ठेका वाजत राहिला पाहिजे आणि नवा कोड बरोबर असेल तरच आत शिरला पाहिजे, कारण आवाज एकदा बंद पडला की पोरगं घाबरतं आणि मग काही हात लावत नाही. दुसरं म्हणजे वेळ. ब्राउझरचा साधा टायमर डगमगतो, म्हणून पुढचे ठोके थोडे आधीच ऑडिओच्या घड्याळावर नोंदवून ठेवावे लागतात, नाहीतर ठेका लंगडतो. आणि क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सोडत नाही, तेव्हा पहिलं बटण मोठं ठेवा!

टायडल-स्ट्रुडलमध्ये अवतरणचिन्हांत जे लिहाल ते सगळं एकाच आवर्तनात बसतं, शब्द वाढवला तर आवर्तन लांबत नाही, प्रत्येक ठोका आखूड होतो. तबला शिकलेल्याला हे उलटं वाटतं, तिथे मात्रा वाढली की ताल लांबतो. गंमत म्हणजे या लिखाणाच्या पद्धतीवर बर्नार्ड बेलच्या बोल प्रोसेसरचा प्रभाव आहे, आणि तो प्रोग्राम मुळात तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचा अभ्यास करायला बनवलेला.

गोव्यात २०२१ पासून सरकारच्या केअर्स योजनेत शाळांतून कोडिंग शिकवतात, आणि गणपतीत, चवथीला, घुमट हे मातीच्या मडक्याचं तालवाद्य घेऊन आरत्या वाजवणारी मुलंही त्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी साधन करायचं तर विदेशी ड्रमचे सॅम्पल कशाला, घुमट, त्याच्या जोडीचा समेळ हा ढोल आणि कांसाळं ही झांज रेकॉर्ड करून घाला. घुमटाचं एक तोंड चामड्याचं, दुसरं उघडं, त्यावर डावा हात झाकत-उघडत आवाज बदलतो, म्हणजे फिल्टर (आवाजातला काही भाग दाबून तो बदलणं) शिकवायला वेगळा धडा नको, एक स्लायडर द्या, एका टोकाला झाकलेलं आणि दुसऱ्या टोकाला उघडं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत फंक्शनची, म्हणजे आज्ञांची, नावं देवनागरीत चालतात, तेव्हा ‘वाजव’, ‘उलट’, ‘दुप्पट’ अशी नावं देता येतात. अडतं ते टायपिंगमध्ये, शाळेतल्या कीबोर्डवर इंग्रजीच अक्षरं असतात, म्हणून रोमन स्पेलिंगही चालू ठेवावं, ज्याला जे जमेल ते.