दोर धरणारे

इंग्लंडमधील बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी विल्यम केरी हिंदुस्थानला निघाले, त्या सुमाराची एक आठवण त्यांचे मित्र अँड्र्यू फुलर यांनी नोंदवून ठेवली आहे. हिंदुस्थान म्हणजे एक खोल खाण, आजवर कोणी न शोधलेली. मी खाली उतरतो, पण वर दोर तुम्ही धरायचा, अशा अर्थाचे केरींचे बोलणे होते आणि मागे राहणाऱ्यांनी तसा शब्द दिला. मिशनरी कुटुंबांच्या प्रार्थनेविषयी लिहिताना आपण बहुधा खाली उतरलेल्या माणसाकडेच पाहतो. मला मात्र वाटते की ती कुटुंबे कशी तगली हे समजून घ्यायचे तर दोराकडे पाहायला हवे. प्रार्थनेने त्यांच्यावरची संकटे टळली नाहीत. ज्या दिवशी स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्या दिवशीही दुसरे कोणी आपल्यासाठी गुडघे टेकून बसले आहे, ही खात्री मात्र तिने दिली.

हा दोर केरींच्या कितीतरी आधी वळला गेला होता. जर्मनीतल्या सॅक्सनीतील हर्नहूट या वस्तीत काउंट झिंझेनडॉर्फ या उमरावाच्या जमिनीवर आश्रयाला आलेले मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे लोक राहत. आपापसांत भांडणे पुष्कळ. १३ ऑगस्ट १७२७ रोजी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस एकत्र घेण्याच्या विधीच्या, वेळी त्यांचा समेट झाला आणि महिना संपायच्या आत २४ पुरुष व २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले. प्रत्येक तासाला कोणीतरी प्रार्थनेत असलेच पाहिजे. ही साखळी शंभराहून अधिक वर्षे चालली. १७३२ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटाकडे निघाले, पुढच्या वर्षी दुसरे ग्रीनलंडला पोहोचले. त्याआधीच, १७२८ पासून, वस्तीत रोज एक वचन घरोघर सांगण्याची रीत पडली होती आणि १७३१ पासून वर्षभराची वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली. त्यामुळे बर्फात बसलेले कुटुंब आणि हर्नहूटमधली आजी एकाच दिवशी एकच ओळ वाचत. पत्राला महिनोन्‌महिने लागत, पण सकाळचे वचन दोघांना एकाच दिवशी मिळे. मोरावियन मिशनरींची मुले लहानपणीच शिक्षणासाठी युरोपात पाठवली जात आणि काहींची आईबापांशी पुन्हा भेट झाली नाही, हे ध्यानात घेतले की त्या ओळीचे मोल कळते. त्या ताटातुटीचे समर्थन मला करता येत नाही.

इंग्लंडमध्ये १७८४ साली पाळक जॉन सटक्लिफ यांच्या पुढाकाराने बॅप्टिस्ट मंडळ्यांनी ठरवले की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र येऊन देवाच्या राज्याच्या प्रसारासाठी प्रार्थना करायची. अमेरिकेतील धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४७ मध्ये अशाच संयुक्त प्रार्थनेसाठी लिहिलेले पुस्तक त्यांच्या हाती आले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, २ ऑक्टोबर १७९२ रोजी, केटरिंगला मिशनरी संस्था स्थापन झाली. म्हणजे आधी प्रार्थना आणि मग संस्था. हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो.

केरींच्या घरात मात्र प्रार्थनेला सोपी उत्तरे मिळाली नाहीत. पत्नी डोरोथी मुळात यायलाच तयार नव्हत्या, शेवटच्या क्षणी निघाल्या. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. डोरोथींचे मन त्यानंतर ढासळत गेले ते १८०७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. केरी प्रार्थना करत राहिले, आजार राहिलाच. या घराची गोष्ट सांगताना डोरोथींना एका वाक्यात आटोपणे मला अन्यायाचे वाटते, कारण दोराचा सर्वांत जास्त ताण त्यांच्यावर पडला होता.

१८०० साली बंगालमधील श्रीरामपूरला आल्यावर केरी आणि त्यांचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांची कुटुंबे एकत्र राहू लागली. पंगत एक, मिळकत एक, उपासना एक. त्यांनी एक नियम केला होता: शनिवारची संध्याकाळ एकमेकांविषयीच्या कुरबुरी मिटवण्यासाठी राखायची. मन साफ करायचे, एकमेकांवर प्रेम करण्याचा शब्द पुन्हा द्यायचा आणि मगच रविवारच्या उपासनेला बसायचे. एका छपराखाली तीन संसार टिकवायचे तर याची किती गरज असेल, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको. आणि तिकडे इंग्लंडमध्ये केरींची बहीण मेरी, अर्धांगाने सुमारे पन्नास वर्षे अंथरुणाला खिळलेली, भावासाठी प्रार्थना करत होती आणि चालत्या हाताने त्याला पत्रे लिहीत होती.

अमेरिकेतली सुरुवात १८०६ मधली. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी वादळ आले म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना करत होते. त्या प्रार्थनेतून परदेशी मिशनची चळवळ उभी राहिली. त्याच महाविद्यालयात शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला आले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने (कॉलऱ्याने) त्यांचा अंत झाला तेव्हा ते ४१ वर्षांचे होते आणि पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेलेली होती. अशी बातमी जहाजाने पोहोचायला काही महिने जात. तोवर पहिला सोमवार येई आणि मागची माणसे गेलेल्यासाठीही जिवंत समजूनच प्रार्थना करत.

हॉल यांच्याबरोबरच ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलमला दीक्षा मिळालेले अॅडोनिरम जडसन ब्रह्मदेशात गेले. पहिला बाप्तिस्मा व्हायला सहा वर्षे लागली. १८२४ च्या इंग्रज-बर्मी युद्धात ते कैदेत पडले. पत्नी अॅन तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन तुरुंगाच्या दारात खेपा घालत राहिल्या. सुटकेनंतर थोड्याच महिन्यांत, ऑक्टोबर १८२६ मध्ये, अॅन गेल्या. जडसन तेव्हा दूर होते. पुढच्या वसंतात मुलगीही गेली. मग हा माणूस जंगलात झोपडी बांधून एकटा राहिला, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठाशी बसला. देवावर माझा विश्वास आहे, पण तो मला सापडत नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे अशीच बोलतात, किती काळ म्हणून विचारतात, आणि तरी त्यांचे विचारणे देवालाच असते. जडसन त्या अंधारातून बाहेर आले, त्यांनी बायबलचे बर्मी भाषांतर पूर्ण केले, पुन्हा संसार मांडला.

पुढे चीनमध्ये इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांनी १८६५ पासून कोणाकडे पैसे न मागण्याचा, फक्त प्रार्थना करण्याचा नियम घातला. त्यांच्याही पदरी आठ वर्षांच्या ग्रेसीचा आणि १८७० मध्ये पत्नी मारियाचा वियोग आला. इकडे १८५८ मध्ये लुधियानाच्या मिशनरींनी जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केले आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला प्रार्थना सप्ताह पाळला गेला. या वेळी वर दोर धरणाऱ्यांना हाक खाणीतूनच गेली होती.

दूरच्या गावी गेलेली मिशनरी कुटुंबे आजही मंडळ्यांना प्रार्थनापत्र पाठवतात. पूर्वी ते टपालाने येई, आता मोबाइलवर येते. कामाचा वृत्तांत असतो, एखादा फोटो असतो, आणि शेवटी प्रार्थनाविषय. त्यात मुलांची नावे असतात: एकीची परीक्षा, दुसऱ्याचा ताप. बुधवारच्या सभेत कोणीतरी ती नावे मोठ्याने वाचते आणि सगळे डोळे मिटतात.