एअर इंडियाचं बोईंग ७०७ : मागची गोष्ट

एअर इंडिया म्हटलं की आजकाल लोकांना तोटा, कर्ज आणि २०२२ ला टाटांकडे परत गेलेली कंपनी एवढंच आठवतं. पण ११ जून १९६२ ला हीच सरकारी कंपनी जगातली पहिली ऑल-जेट एअरलाइन (म्हणजे ताफ्यातली सगळी विमानं जेट) झाली होती, आणि ती झाली बोईंग ७०७ या जेट विमानाच्या जोरावर.

जेआरडी टाटांनी १९३२ ला विमानाने कराची-मुंबई टपाल सुरू केलं तिथून हे सगळं सुरू होतं. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं कॉन्स्टेलेशन (पंख्यांवर चालणारं जुनं विमान) मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं आणि १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींना ते अजिबात पटलं नव्हतं, तरी सरकारने चेअरमन त्यांनाच ठेवलं, ते थेट १९७८ पर्यंत. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, मालक सरकार पण कारभार विमानं कळणाऱ्या माणसाकडे.

जेट तेव्हा भरवशाचं नव्हतं हो. ब्रिटिशांचं कॉमेट हे जेट विमान १९५२ ला सुरू झालं आणि १९५४ मध्ये दोन कॉमेट हवेतच फुटली, आतल्या हवेच्या दाबाने पत्रा थकून. मग १९५८ ला ७०७ आलं. आपण घेतलेल्या ७०७ ला अमेरिकन नाही तर रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती, यात काही हवा इंजिनाच्या गाभ्यात न जाता बाजूने मागे फेकली जाते त्यामुळे इंधन कमी लागतं, आज सगळ्या मोठ्या जेटमध्ये तेच तत्त्व आहे. पहिलं विमान फेब्रुवारी १९६० मध्ये आलं आणि १४ मे ला न्यूयॉर्क सेवा सुरू पण झाली! विमानांना नावं हिमालयातल्या शिखरांची. जुनी सुपर कॉन्स्टेलेशन्स नंतर एअर फोर्सकडे गेली.

७०७ मधलंच एक कांचनजंगा. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून लंडनला जाताना, जिनिव्हाला उतरायच्या आधी ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं, ११७ जण गेले, त्यात आपले होमी भाभा. विमानातलं एक नेव्हिगेशन यंत्र बंद होतं, कंट्रोलरने सांगितलेली जागा पायलटला चुकीची समजली आणि डोंगर ओलांडला असं समजून ते खाली येत राहिले. वाचताना अजून पोटात तुटतं. २०२० ला तिथल्या हिमनदीतून त्या विमानातले पेपर निघाले, पहिल्या पानावर इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी.