नदीमासळी, सांगलीची

कृष्णेच्या पात्रात धरलेली आणि सांगली परिसरात विक्रीला येणारी गोड्या पाण्यातील मासळी. महाबळेश्वरला उगम पावलेल्या कृष्णेला कराडला कोयना आणि सांगलीलगत हरिपूरला वारणा मिळते. शिवाय बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून राहते, म्हणून उन्हाळ्यातही इथे जाळे टाकता येते.

कोकणातल्या बंदरासारखा धक्का इथे नाही. संध्याकाळी तंगुसाची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी पात्रात आडवी सोडायची, पहाटे उचलायची आणि सापडेल ते पाटीत घालून रस्त्याकडेला बसायचे, अशी भोई कुटुंबांची रीत. उथळ पाण्यात फेकजाळे चालते. मासा ओल्या पोत्याखाली झाकलेला असतो. बुळबुळीत वाम हातातून निसटते म्हणून राखेत घोळवून विळीवर धरतात.

वाम, मरळ, शिंगाळा ही नदीची मूळची मासळी. रोहू, कटला, मृगळ गंगेच्या खोऱ्यातले. मत्स्यबीज सोडून इकडे रुजवलेले. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आली. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे ती झपाट्याने पसरली.

मृगाच्या पावसाने पाणी गढूळ झाले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत शिरतात. हे ‘चढणीचे मासे’. गाबोळीने (पोटातल्या अंड्यांनी) भरलेले, म्हणून खवय्यांच्या आवडीचे. पण मोठ्या रोहूच्या एका मादीच्या पोटात काही लाख अंडी असतात. अशी मादी ओढ्याच्या तोंडाशीच धरली की पुढच्या हंगामाची मासळी तिथेच संपते. श्रावणात गिऱ्हाईक आपोआप थांबते, मात्र तोवर वीण बरीचशी उरकलेली असते. हा खाडा ज्येष्ठातच सुरू व्हायला हवा.

याहून मोठा घाव सांडपाण्याचा. शहराचे सांडपाणी शेरीनाल्यातून नदीत येते, कारखान्यांची मळीही मिसळते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे वर येऊन तोंडे उघडत राहतात आणि काही तासांत काठ पांढरा पडतो. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ असाच प्रचंड मासा मेला. रोहू-कटल्यापेक्षा चिलापी कमी प्राणवायूत तग धरते. त्यामुळे अशा प्रत्येक घटनेनंतर पात्र पुन्हा भरते तेव्हा पुढे तीच असते, आणि चांगला दर देणारी मासळी पाटीतून कमी होत जाते.