गाडी उपाशी आहे की अजीर्ण झालंय?

पिकअप गेलाय, मिसिंग होतंय, सिग्नलला उभी केली की बंद पडते. पेट्रोल कमी पोचलं तरी बाइक अशीच वागते आणि जास्त पोचलं तरी अशीच. इलाज मात्र उलटे आहेत, म्हणून आधी कार्ब्युरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळायला घेऊ नका.

एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा वाढली की मिश्रण लीन, पेट्रोल वाढलं की रिच.

कार्ब्युरेटरच्या गाडीत माझी पहिली चाचणी चोकची. चोक ओढला की हवा अडते आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि त्रास सुरू झाला की चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर ती उपाशी होती. आणखी गुदमरली, तर आधीच पोट भरलेलं आहे. फुकटात होणारी एवढी खात्रीची चाचणी दुसरी नाही. (फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्यांना बहुधा हाताने ओढायचा चोक नसतो. तिथे आधी मीटरवरचा इंजिनचा दिवा बघा.)

स्वभावही वेगळा असतो. लीन गाडी थंडीत फार कुरकुर करते, गरम झाल्यावर जरा सावरते. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन खाली येत नाही, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात. रिच गाडी सकाळी झकास सुरू होते आणि तापली की बिघडते. धूर काळा, पेट्रोलचा वास.

मग स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा. आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवून बघितलेला प्लग फसवतो. गाडी पळवा, वेगात असतानाच क्लच दाबून किल स्विचने बंद करा, रिकाम्या रस्त्यावरच. इंजिन जरा निवलं की प्लग खोला. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरंफटक म्हणजे लीन, बोटाला काजळीसारखं कोरडं काळं लागलं तर रिच. काळं पण तेलकट ओलं असेल तर मिश्रणाचा दोष नाही, ऑइल जळतंय. तो खर्च वेगळा.

रिच असेल तर एअर फिल्टर तुंबलाय का आधी बघा, मग चोक पूर्ण परत जातोय का ते. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर बहुधा फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी) अडकली आहे. लीनमध्ये पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलेला, नाहीतर कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर.

आणि एक जागा कोणी बघत नाही. माझी गाडी चार-पाच किलोमीटर मस्त चालायची, मग दम तोडायची. कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला, फरक शून्य. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा टाकीत पेट्रोल किती आहे बघायला झाकण उघडलं, तर 'सुस्स' करून हवा आत गेली. किक मारली, लगेच चालू. झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलं होतं, आत हवा जात नसल्याने पेट्रोल खाली उतरत नव्हतं. टाचणीने मोकळं केलं.