खुलासा: पाच टप्पे पार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही?

वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश सांगतो: जवळचं माणूस गेलं किंवा नातं तुटलं, की शोकाचे नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे टप्पे ओळीने पार केल्याशिवाय मन सावरत नाही, तोवर आयुष्यात नवं काही सुरू करू नका.

यावर विश्वास बसणं अगदी स्वाभाविक आहे. विस्कटलेल्या मनाला पुढची वाट कुणीतरी आखून द्यावी असं वाटतंच.

पण हे टप्पे आले कुठून? १९६९ साली ते मांडले गेले, ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. विषय होता स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाण्याचा. मागे राहिलेल्यांचा शोक, तुटलेलं नातं यांना ते नंतर जोडले गेले. सगळ्यांना लागू पडेल असा क्रम पुढच्या अभ्यासांत काही सापडला नाही.

१९९९ मध्ये मांडलेला एक विचार मला अनुभवाच्या जास्त जवळचा वाटतो. शोकातलं मन हेलकावे घेतं: कधी गमावलेल्याकडे, कधी नव्या घडीकडे. सकाळी डोळे भरून येतात, दुपारी तोच माणूस नवं काम शिकण्यात रमतो, रात्री पुन्हा हुंदका. ही घसरण नव्हे. सावरणं असंच चालतं. म्हणजे शिकणं, नवी ओळख, नवी जबाबदारी यांसाठी जखम पूर्ण भरण्याची वाट पाहावी लागत नाही.

पडताळायचं असेल तर महिनाभर रोज रात्री दोन ओळी लिहा: आज काय वाटलं, आज काय केलं. मग पानं उलटून क्रम शोधा.

मात्र अनेक महिने रोजचे व्यवहारही जमत नसतील, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून लगेच समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा.